पासिंग तिकडचं, रस्ता इकडचा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं

परराज्यात गाडी नेताना नियम कुणाचे लागू होतात, या एकाच शंकेभोवती या वेळचे बहुतेक प्रश्न आहेत. उत्तरांआधी एक खूणगाठ बांधून घ्या. लायसन्स, आरसी, विमा आणि पीयूसी या गोष्टी घरच्या राज्यातून सोबत येतात आणि देशभर चालतात. वेगमर्यादा, पार्किंग, नो एंट्री, वेळेची बंदी आणि दंडाची रक्कम मात्र ज्या रस्त्यावर चाक फिरतंय त्या रस्त्याची. या दोहोंच्या मध्ये रोड टॅक्स अडकलेला असतो आणि खरी भांडणं तिथेच होतात.

मी निपाणीत राहतो, नोकरी कोल्हापुरात. केए-२३ पासिंगच्या गाडीने रोज येजा करतो. कागलच्या पुढे दोनदा अडवून ‘महाराष्ट्राचा टॅक्स भरलाय का?’ असं विचारलं. भरायला हवा का?
— एक वाचक, निपाणी

गाडी रात्री निपाणीतच मुक्कामाला येत असेल, तर नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ४६ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी भारतात इतरत्र पुन्हा नोंदवायची गरज नाही. याला अपवाद कलम ४७ चा : गाडी दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांहून जास्त काळ ‘ठेवली’ असेल, तर तिथला नवा नंबर घ्यावा लागतो. सगळा भर ‘ठेवली’ या शब्दावर आहे. सकाळी येऊन संध्याकाळी परत जाणारी गाडी कोल्हापुरात ठेवलेली नसते, मग ती दहा वर्षं येजा करत असली तरी.

अडचण येते ती पुराव्याची. कायदा तुमच्या बाजूने असला तरी रस्त्यावर उभं राहून पटवून तुम्हालाच द्यावं लागतं. सगळ्यात चांगला पुरावा फास्टॅगचा. कोगनोळी नाक्यावरून जाताना आणि परत येताना तारीख-वेळेसह नोंद होते. बँकेच्या अ‍ॅपमधून दर महिन्याचं विवरण उतरवून फोनमध्ये ठेवा, कारण जुन्या महिन्यांचं ऐनवेळी मिळेलच असं नाही. जोडीला निपाणीच्या घराचं ताजं वीजबिल आणि तिथल्याच गॅरेजची सर्व्हिसिंगची बिलं असू द्या. नाका टाळून आतल्या रस्त्याने जात असाल तर फास्टॅगचा पुरावा उरत नाही, तेव्हा ही बिलंच कामाला येतात.

तरीही कुणी टॅक्सची रक्कम मागितली, तर कोणत्या कलमाखाली आणि किती काळासाठी ते लेखी नोटिशीत मागा. पावतीशिवाय पैसे देऊ नका.

‘३० दिवस झाले की टॅक्स’ ही गोष्ट सीमाभागात अजून ऐकू येते, तिला कारण आहे. कर्नाटकाने २०१४ मध्ये करकायद्यात दुरुस्ती करून परराज्याच्या गाडीला ३० दिवसांनंतर आजीवन कर लावायचं ठरवलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयाने ती दुरुस्ती २०१६ मध्ये रद्द केली. कायदा गेला, पण त्याची धास्ती लोकांच्या मनात राहिली.

एक मात्र लक्षात ठेवा. टॅक्स लागत नाही म्हणून बाकीचे नियम सुटत नाहीत. कोल्हापुरात सिग्नल तोडला, दसरा चौकाच्या आसपास नो पार्किंगमध्ये गाडी लावली, तर एमएच-०९ ला जो दंड तोच केए-२३ ला.

पुण्याहून बंगळुरूला बदली झाली आहे, किमान चार वर्षं तिथेच राहणार. एमएच-१२ पासिंगची, तीन वर्षं जुनी कार नेतोय. कर्ज अजून फिटलेलं नाही. काय काय करावं लागेल?
— एक वाचक, सध्या बंगळुरू

हे काम अवघड नाही, पण क्रम चुकला की सहा-सहा महिने लोंबकळतं. म्हणून क्रमानेच सांगतो.

सुरुवात पुण्यातून, एनओसीपासून. अर्ज फॉर्म २८ मध्ये. त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो : नंबर कोरलेल्या जागेवर पातळ कागद किंवा सेलोटेप धरायचा आणि वरून पेन्सिल घासायची. जागा आधी फडक्याने स्वच्छ पुसून घ्या. गंजामुळे किंवा अंडरकोटिंगमुळे एक आकडा जरी पुसट आला, तरी अर्ज परत येतो. गाडी बंगळुरूला नेल्यावर हे आठवलं तर प्रिंट काढून कुरिअर करता येतो. काढताना चार-पाच प्रती काढून ठेवा, पुढे तिकडेही लागतात.

कर्ज चालू असल्याने आरसीवर बँकेचा बोजा आहे, म्हणून बँकेची लेखी संमती हवी. इथे बरेच जण फसतात. बँका दोन वेगवेगळी पत्रं देतात : एक कर्ज फिटल्यावर बोजा उतरवण्याचं आणि दुसरं, कर्ज चालू असताना गाडी परराज्यात नोंदवायला हरकत नसल्याचं. तुम्हाला दुसरं हवंय. अर्जात ‘परराज्यात पुनर्नोंदणीसाठी’ असं स्पष्ट लिहा, नाहीतर शाखा तुम्हाला कर्ज फेडायला सांगून मोकळी होते.

अर्ज करण्याआधी गाडीच्या नावावरची सगळी ई-चलानं भरून टाका. थकीत चलान हे एनओसी अडण्याचं नेहमीचं कारण आहे. विमा आणि पीयूसी चालू हवी. गाडी चोरीच्या नोंदीत नाही, हेही तपासलं जातं.

एनओसीवर नव्या आरटीओचं नाव येतं. बंगळुरूत एक आरटीओ नाही. कोरमंगला केए-०१, इलेक्ट्रॉनिक सिटी केए-५१, के. आर. पुरम केए-५३ अशी अनेक आहेत. जिथे राहणार आहात तो पत्ता ज्या कार्यालयाखाली येतो, तेच नाव घाला. आधी हॉटेलात उतरून मग घर शोधणारे अंदाजाने एखादं नाव टाकतात आणि भाडेकरार दुसऱ्याच हद्दीतला निघतो. घर नक्की झाल्यावरच अर्ज करा. १२ महिने हातात आहेत, घाई नाही. अर्जानंतर ३० दिवसांत आरटीओने नकार कळवला नाही, तर कलम ४८ नुसार एनओसी मिळाल्याचं धरलं जातं. पण व्यवहारात समोरच्या आरटीओला प्रणालीत एनओसी दिसावी लागते, तेव्हा पाठपुरावा सोडू नका.

मग बंगळुरूत फॉर्म २७, पत्त्याचा पुरावा, गाडीची तपासणी आणि टॅक्स. कर्नाटकात नव्या कारला किमतीनुसार साधारण १३ ते १८ टक्के आजीवन कर आहे, वर सेस. तुमची गाडी तीन वर्षांची असल्याने वयानुसार सवलत मिळते, तरी रक्कम मोठीच असते. ती भरल्यावर नवा नंबर आणि नवी उच्च सुरक्षा नंबर प्लेट.

यानंतर जे काम बहुतेक जण अर्धवट सोडतात ते करा : महाराष्ट्रात भरलेल्या एकरकमी टॅक्सचा परतावा मागा. उरलेल्या काळाच्या हिशेबाने तो मिळतो. सोबत नवी आरसी, कर्नाटकात भरलेल्या टॅक्सची पावती, एनओसीची प्रत आणि मूळ पावती लागते. आधी परतावा, मग नवा टॅक्स असा उलटा क्रम चालत नाही. पैसे आधी खिशातून घालावे लागतात. मूळ पावती हरवली असेल तर आरसीवरची टॅक्सची नोंद आणि आरटीओतला उतारा यावर काम भागतं, पण वेळ जातो.

नंबर बदलला की दोन ठिकाणी लगेच कळवा. विमा कंपनीकडून पॉलिसीवर नव्या नंबरची नोंद करून घ्या. नाहीतर अपघातानंतर पॉलिसी जुन्या नंबरची आणि गाडी नव्या नंबरची अशी स्थिती होते आणि क्लेम अडकतो. दुसरं ठिकाण फास्टॅग. तोही जुन्या नंबरशी जोडलेला असतो.

पुढेही बदल्या होत राहणार असतील, तर बीएच (भारत) या देशभर चालणाऱ्या नंबरमालिकेचा विचार करा. ती सप्टेंबर २०२१ पासून सुरू झाली. केंद्र-राज्य सरकारचे, सार्वजनिक उपक्रमांचे आणि संरक्षण दलांचे कर्मचारी, तसंच चार किंवा अधिक राज्यांत कार्यालयं असलेल्या खासगी कंपन्यांतले नोकरदार यासाठी पात्र आहेत. खासगी नोकरदाराला कंपनीकडून फॉर्म ६० (नोकरीचा दाखला) घ्यावा लागतो. टॅक्स दोन-दोन वर्षांचा भरायचा : १० लाखांपर्यंतच्या गाडीला ८ टक्के, २० लाखांपर्यंत १०, त्यावर १२ या दराने, डिझेलला २ टक्के जास्त, इलेक्ट्रिकला २ टक्के कमी. राज्य बदललं तरी नंबर तोच. आधीच्या साध्या नंबरच्या गाडीलाही ही मालिका घेण्याची सोय डिसेंबर २०२२ पासून झाली आहे. दर दोन वर्षांनी टॅक्स भरायची आठवण मात्र तुमची तुम्हीच ठेवायची.

परराज्यात मूळ आरसी आणि लायसन्स जवळ ठेवावंच लागतं का?
— एक वाचक, लातूर

डिजिलॉकर किंवा एम-परिवहनमधली कागदपत्रं देशभर ग्राह्य आहेत; केंद्रीय नियम १३९ मध्ये तशी दुरुस्ती २०१८ मध्येच झाली. पण डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. सरकारी खात्याकडून थेट आलेली कागदपत्रं चालतात. तुम्ही स्वतः फोटो काढून चढवलेली आणि व्हॉट्सअ‍ॅपवर मुलाने पाठवलेली चालत नाहीत. घाटात रेंज नसते, म्हणून लायसन्सचं कार्ड खिशात असलेलं बरं.

गोव्यात म्हापशाजवळ भाड्याने घेतलेल्या स्कूटरवर आम्हाला दंड झाला. स्कूटर गोव्याचीच, लायसन्स महाराष्ट्राचं. परराज्याचं लायसन्स म्हणून दंड केला असेल का?
— एक वाचक, सांगली

नाही. कलम १३ नुसार महाराष्ट्राचं लायसन्स गोव्यात पूर्ण वैध आहे, अगदी शिकाऊ लायसन्ससुद्धा, अर्थात एल पाटी आणि सोबत लायसन्सधारक शिकवणारा या अटींसह. तुम्ही पाठवलेल्या फोटोत स्कूटरची नंबर प्लेट पांढरी आहे आणि अक्षरं काळी. दंडाचं कारण तेच असावं.

पांढऱ्या पाटीची गाडी खासगी वापराची. स्वतः चालवायला भाड्याने देण्याचा परवाना असलेल्या गाडीची पाटी काळी आणि त्यावर पिवळी अक्षरं असतात. गोव्यात बीचजवळच्या टपऱ्यांवर दोन्ही रांगेत उभ्या असतात आणि पांढरी बहुधा पन्नास-शंभर रुपयांनी स्वस्त पडते. तिचा खरा धोका दंडात नाही. खासगी पॉलिसीची गाडी भाड्याने दिली की पॉलिसीची अट मोडते. अशा गाडीकडून कुणी जखमी झालं, तर विमा कंपनी हात वर करू शकते किंवा भरपाई देऊन ती नंतर मालकाकडून वसूल करते, आणि मालक मग चालवणाऱ्याला शोधत येतो.

गाडी घेताना आधी पाटी पाहा. मग आरसी आणि विम्याची तारीख बघा. हेल्मेट दोन मागा. कलम १२९ मागे बसणाऱ्यालाही लागू आहे, चार वर्षांवरच्या मुलालासुद्धा. हेल्मेटवर आयएसआय खूण हवी. भाड्याबरोबर फुकट मिळणारी बरीच हेल्मेटं टोपीच्या लायकीची असतात. आणि लायसन्स फक्त विनागिअर वर्गाचं असेल, तर गिअरची बुलेट घेऊ नका. ते विनालायसन्स चालवण्यातच मोडतं.

हेल्मेट नाही म्हणून सुरतेत ५०० रुपये घेतले. कायद्यात तर १,००० लिहिलंय. राज्याराज्यात दंड वेगळा कसा? आणि दुसरं, आमची कार नाशिकात सोसायटीत उभी असताना परराज्यातून वेगमर्यादेचं चलान आलं. काय करावं?
— एक वाचक, नाशिक

कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीने विनाहेल्मेट १,००० रुपये आणि तीन महिने लायसन्स निलंबन अशी तरतूद केली. पण जागेवर तडजोड करून किती रक्कम घ्यायची, हे ठरवायचा अधिकार कलम २०० ने राज्य सरकारला दिला आहे. गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्ये ती ५०० केली. म्हणजे तुम्हाला तिथला दर लागला, घरचा नाही. तडजोड नको असेल तर न्यायालयात जाता येतं, तिथे मूळ कायद्यातली रक्कम होऊ शकते.

आता चलान. आधी कोणत्या संकेतस्थळावरचं आहे ते पाहा. बहुतेक राज्यांची चलानं केंद्राच्या ई-चलान परिवहन पोर्टलवर दिसतात, पण महाराष्ट्रासारख्या काही राज्यांची स्वतःची वेगळी संकेतस्थळं आहेत. एसएमएसमधल्या लिंकवर टिचकी मारू नका, पोर्टल स्वतः उघडून गाडीचा नंबर टाका. चलानाच्या नावाखाली बँकखाती रिकामी करणाऱ्या लिंक फिरत असतात.

चलानातला फोटो मोठा करून बघा. कॅमेरा ८ ला बी वाचतो, ० ला डी वाचतो. अशा वेळी फोटोतल्या गाडीचा नंबरच वेगळा निघतो. नंबर तुमचाच पण गाडी दुसरी असेल, म्हणजे रंग, मॉडेल, बंपरवरचा ओरखडा, काचेवरचा स्टिकर जुळत नसेल, तर कुणीतरी तुमच्या नंबरची बनावट पाटी लावली आहे. पहिल्या प्रकारात पोर्टलवर तक्रार नोंदवून तुमच्या गाडीचे पुढून-मागून फोटो आणि आरसी जोडा. दुसऱ्या प्रकारात त्याच दिवशी जवळच्या पोलीस ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि तिची पोच तक्रारीला जोडा, कारण उद्या त्याच पाटीने अपघात झाला तर चौकशी तुमच्या दारात येईल. सोसायटीच्या गेटवरचं सीसीटीव्ही चित्रण लगेच मागून ठेवा. त्यावर काही दिवसांत नवं चित्रण चढतं.

कॅमेऱ्याच्या चलानाची नोटीस गुन्ह्यापासून १५ दिवसांत पाठवायची असते (नियम १६७अ). बरीच उशिरा आली असेल, तर तक्रारीत तेही लिहा.

डिसेंबरात आमच्या एमएच-१५ पासिंगच्या डिझेल गाडीने दिल्लीला जायचं आहे. काही अडचण?
— एक वाचक, नाशिक

आरसीवर उत्सर्जन मानक पाहा. बीएस-४ डिझेल असेल तर थांबून विचार करा. हवा बिघडून ‘ग्रॅप’चा, म्हणजे दिल्ली परिसरातल्या प्रदूषण रोखण्याच्या टप्प्याटप्प्याच्या योजनेचा, तिसरा टप्पा लागू झाला की बीएस-३ पेट्रोल आणि बीएस-४ डिझेलच्या कारना दिल्लीसह गुरुग्राम, फरिदाबाद, गाझियाबाद आणि गौतमबुद्धनगरात बंदी असते. दंड २०,००० रुपये. बंदी रस्त्याला आहे, पासिंगला नाही, त्यामुळे महाराष्ट्रातली वैध पीयूसी दाखवून सुटका होत नाही. गाडी १० वर्षांहून जुनी असेल तर आणखी एक प्रश्न : जुन्या डिझेल गाड्यांबाबतचे न्यायालयाचे आदेश २०२५ मध्ये बदलले आहेत, तेव्हा निघण्याच्या आठवड्यात त्या दिवशीचा आदेश बघा. गाडी घरी ठेवून रेल्वेने जाणं डिसेंबरात जास्त शहाणपणाचं.

मे महिन्यात कोल्हापूर–म्हैसूर–उटी अशी कारने सहल ठरतेय. कुठे अडकायला होईल?
— एक वाचक, इचलकरंजी

तीन ठिकाणी. पहिलं बंडीपूर. म्हैसूरहून गुंडलुपेट ओलांडलं की व्याघ्र प्रकल्पातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. सव्वानऊला पोचून ‘जाऊ द्या हो’ म्हणण्यात अर्थ नाही. रात्री हत्ती-हरणं गाडीखाली येत होती म्हणून ही बंदी आली आणि ती न्यायालयातही टिकली आहे. इचलकरंजीहून पहाटे निघालात तरी गुंडलुपेटला अंधारच होईल. म्हैसूरला मुक्काम करा आणि सकाळी जंगल ओलांडा. आत थांबून माकडांना खायला घालणं, गाडीतून उतरणं यालाही दंड आहे.

दुसरं ई-पास. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने ७ मे २०२४ पासून निलगिरी आणि कोडाईकनालला बाहेरच्या गाड्यांना तो सक्तीचा झाला. पास मोफत आहे. मोबाईल नंबरवर ओटीपी घेऊन गाडीचा नंबर, माणसं, दिवस आणि मुक्कामाचं ठिकाण भरायचं. क्यूआर कोडचा पास येतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवा. मे महिन्याच्या शनिवार-रविवारी गर्दी असते, पास आधी काढा. त्याच नाक्यावर प्लास्टिकची तपासणी होते. पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या निलगिरीत नेऊ देत नाहीत. घरून स्टीलच्या घ्या.

तिसरं कल्हट्टी घाट. मसिनगुडीहून उटीला जाणाऱ्या या रस्त्यावर ३६ हेअरपिन वळणं आहेत आणि उतार फार तीव्र आहे. उतरताना परक्या चालकांचे ब्रेक तापून निकामी झाले आणि जीव गेले. म्हणून उटीहून खाली उतरताना या रस्त्यावर फक्त टीएन-४३ या स्थानिक पासिंगला सोडतात, बाकीच्यांना गुडलूरमार्गे पाठवतात. नंबर पाहून भेद करणारा हा विरळा नियम आहे आणि योग्य आहे. मॅप कल्हट्टीचा जवळचा रस्ता दाखवेल, तरी परतीला गुडलूरच धरा. तिथेही ज्या गिअरमध्ये चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. ऑटोमॅटिक गाडीत एल किंवा मॅन्युअल मोड वापरा. रबर जळल्यासारखा वास आला तर बाजूला घेऊन वीस मिनिटं थांबा आणि चाकांवर पाणी ओतू नका, तापलेली डिस्क वाकते.

मुलगा टेक्सासहून न्यू जर्सीला राहायला गेलाय. टेक्सासचं लायसन्स आणि तिथलीच नंबर प्लेट. वरचेवर न्यू यॉर्कला जातो. अमेरिकेतही आपल्यासारखंच आहे का?
— एक वाचक, ठाणे

तत्त्व तेच, मुदती फार कमी. आपल्याकडे १२ महिने मिळतात. न्यू जर्सीत रहिवासी झाल्यावर लायसन्स आणि गाडीची नोंदणी दोन्हीला ६० दिवस. न्यू यॉर्क लायसन्सला ३० देतं, कॅलिफोर्निया तर अवघे १०. मुक्काम हलला की घड्याळ सुरू होतं, म्हणून भाडेकराराची तारीख लिहून ठेवायला सांगा.

गाडीच्या रचनेला मात्र घरच्या राज्याचा नियम चालतो. शेजारच्या पेनसिल्वेनियात फक्त मागे नंबर प्लेट असते, न्यू जर्सीत दोन्हीकडे. पेनसिल्वेनियाच्या गाडीला न्यू जर्सीत पुढची पाटी नाही म्हणून दंड होत नाही. चालवणं मात्र सगळं रस्त्याच्या राज्याचं. न्यू जर्सीत लाल सिग्नलला पूर्ण थांबून उजवीकडे वळता येतं, बंदीचा फलक नसेल तर. न्यू यॉर्क शहरात उलट : फलकाने परवानगी दिली असेल तरच. पूल ओलांडला की सवय बदलावी लागते.

सगळ्यात जपायची गोष्ट स्कूल बस. लाल दिवे लुकलुकत असताना न्यू जर्सीत किमान २५ फुटांवर थांबायचं. मध्ये दुभाजक असेल आणि बस पलीकडच्या बाजूला असेल, तर ताशी १० मैलांवर येऊन पुढे जाता येतं. न्यू यॉर्कमध्ये दुभाजक असला तरी पलीकडच्यांनीही थांबायचं. आणि तिथला दंड तिथेच राहत नाही. न्यू जर्सीचं लायसन्स घेतल्यावर दुसऱ्या राज्यात वाहतुकीचा गुन्हा झाला, तर घरच्या नोंदीवर दंडाचे दोन पॉइंट चढतात.